आय७ घ्यावा की रायझन? आधी कार्डाचं बिल उघडा

वाचकाचं पत्र

मी २७ वर्षांचा आहे. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करतो. हातात ३६,००० रुपये पगार येतो. सिडकोत आईवडिलांसोबत राहतो. घरी १५,००० देतो, पेट्रोल-मोबाइल-बाहेरचं खाणं मिळून ५,००० जातात. कॉलेजात असताना २०१९ साली घेतलेला लॅपटॉप (आय५-८२५०यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क) आता नुसता सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, म्हणून नवीन घ्यायचाय. वापर साधाच आहे. सिनेमे, एक्सेल, ब्राउझिंग, आणि रात्री व्हॅलोरंट किंवा जीटीए ५. पुढे जीटीए ६ खेळायचाय. गेमिंगचं यूट्यूब चॅनल काढायचंही डोक्यात आहे, त्यातून हप्ता सुटेल.

तीन लॅपटॉप बघितले. एक, इंटेल आय७-१३५५यू, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ७२,०००. दुकानदार म्हणतो आय७ घेतला की पाच वर्षं बघायला नको, आणि यावर १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय आहे, महिना ६,०००. दोन, रायझन ५ ७५३५एचएस, आरटीएक्स २०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, ६३,०००. तीन, ऑनलाइन रायझन ५ ७५२०यू, ४१,०००. हाही रायझन ५च आहे ना?

ईएमआय क्रेडिट कार्डावर करणार आहे. मर्यादा दीड लाख. त्यावर सध्या ६८,००० बाकी आहेत (बहिणीच्या लग्नातला खर्च), पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) दर महिन्याला वेळेवर भरतो, सिबिल ७४२ आहे. बिलावर व्याज ३.६ टक्के लिहिलंय. बँकेतल्या आरडीवर ६.५ टक्के मिळतात, म्हणून ती मोडत नाही. ३,००० ची आरडी, १४ हप्ते झाले, बाइकसाठी ठेवलीय. कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी महिना ४,००० ची पॉलिसीही करून दिली. पाच हप्ते भरलेत. १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख मिळतात. अडचण आली तर त्यावर कर्जही मिळतं म्हणाले. तर कोणता प्रोसेसर घ्यावा?

उत्तर

विचारलेल्याचं उत्तर आधी देतो. तीनपैकी गेमसाठी दुसरा लॅपटॉप बरा आहे, पहिला महाग पडतो आणि तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. कारणं पुढे सविस्तर आहेत. पण या महिन्यात यातला एकही घेऊ नका. प्रोसेसर चुकला तर तुमचे दहा-पंधरा हजार एकदाच जातील. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलंय, त्यात दर महिन्याला जवळपास सात हजार जात आहेत आणि ते तुमच्या लक्षातही आलेलं नाही.

बिलावरचा तो ३.६ टक्के दर वर्षाचा नाही, महिन्याचा आहे. वर्षाचा धरला तर ४३ टक्के होतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे महिन्याला सव्वाचार टक्के आणि वर्षाला ५१ टक्के. आरडीचे ६.५ टक्के मात्र वर्षाचे आहेत. तुम्ही ६.५ ची तुलना ५१ शी करायला हवी होती, ३.६ शी केलीत म्हणून आरडी फायद्याची वाटली. ही चूक फार जण करतात. बिलावर महिन्याचा दर ठळक असतो आणि वर्षाचा बारीक अक्षरात, तेव्हा ती होणं सोपं आहे. पण किंमत मोठी आहे.

६८,००० वर सव्वाचार टक्के म्हणजे महिन्याला साधारण २,९०० रुपये व्याज. मिनिमम ड्यू बहुतेक बँकांत बाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे तुमचे ३,४००. यातले २,९०० व्याजात जातात आणि मूळ देणं ५०० रुपयांनी कमी होतं. असंच वर्षभर चालवलंत तर साधारण ३९,००० रुपये भराल आणि बाकी ६८ वरून ६२ हजारांवर येईल. तेही कार्डावर एक रुपयाची नवी खरेदी केली नाही तर. आणि नवी खरेदी केलीत तर आणखी एक गोष्ट लागू होते: बाकी पुढे ओढत असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पेट्रोल पंपावर कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज सुरू.

सिबिल ७४२ आहे याचा अर्थ तुम्ही हप्ता चुकवलेला नाही, एवढाच. तुम्हाला हे कर्ज झेपतंय का, ते स्वस्त आहे की महाग, याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. मिनिमम भरणारा ग्राहक बँकेला हवाच असतो.

आता यावर लॅपटॉपचा ईएमआय चढवला तर काय होईल ते बघा. ईएमआयचा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये पूर्णच्या पूर्ण मिळवला जातो, त्याचे ५ टक्के नव्हे. म्हणजे मिनिमम ड्यू ३,४०० वरून ९,४०० वर जाईल. तुमचा महिना मांडू. घरी १५,०००, वरखर्च ५,०००, पॉलिसी ४,०००, आरडी ३,०००, कार्ड ३,४००, लॅपटॉप ६,०००. बेरीज ३६,४००. पगार ३६,०००. गणपतीत काही घ्यायचं झालं, गाडीचं टायर गेलं, की ते पुन्हा कार्डावरच. मर्यादेतले ६८ हजार आज वापरात आहेत, ईएमआयमुळे आणखी साधारण ६६ हजार अडकतील. दीड लाखातले १ लाख ३४ हजार. मर्यादेच्या ९० टक्के वापर दिसला की ज्या सिबिलचा तुम्हाला भरवसा वाटतो तोही घसरायला लागतो.

‘नो कॉस्ट’ हेही नीट समजून घ्या. बँक व्याज लावतेच. १६ टक्के दर धरला तर ७२,००० च्या १२ हप्त्यांत सुमारे ५,९०० रुपये व्याज असतं. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत देते, म्हणून हप्त्यांची बेरीज ७२,००० च राहते. पण त्या ५,९०० व्याजावरचा जीएसटी, म्हणजे हजारभर रुपये, तुमच्याकडून वेगळा घेतला जातो. वर प्रोसेसिंग फी दोन-तीनशे आणि तिच्यावरही जीएसटी. रोख देणाऱ्याला दुकानदार जे दोन-तीन हजार सोडतो ते तुम्हाला मिळत नाहीत. सगळं धरून ‘नो कॉस्ट’ तीन-चार हजारांना पडतो. तुलनेने ही रक्कम लहान आहे. कार्डावर आधीच बाकी असताना हा हप्ता घेणं हा खरा धोका आहे.

आरडी मोडा, याच आठवड्यात

आरडीत ४२,००० भरलेत, मुदतीआधी मोडल्याचा दंड वजा जाता ४३,००० च्या आसपास हातात येतील. हे ४३ हजार आरडीत महिन्याला सव्वादोनशे रुपये मिळवतात. तेवढंच कर्ज कार्डावर महिन्याला १,८०० रुपये खातं. बाइकसाठी वेगळे पैसे बाजूला काढल्याचं समाधान तुम्ही महिन्याला दीड हजारांपेक्षा जास्त देऊन विकत घेताय.

पैसे खात्यावर आले की त्याच दिवशी कार्डात भरा. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. व्याज रोज लागतं आणि तुमच्या बाकीवर ते दिवसाला ९५ रुपयांच्या घरात आहे. कार्डावर उरले २५,०००. आरडी थांबली, पॉलिसीचं पुढे बोलतो पण तीही थांबणार आहे. घरचे १५,००० आणि वरखर्चाचे ५,००० तसेच ठेवले तरी १६,००० उरतात. त्यातले १३,००० कार्डात घाला. पहिल्या महिन्याचं व्याज हजारभर, दुसऱ्याचं साडेपाचशे. दोन हप्त्यांनंतर सहाशे-सातशे रुपये उरतील आणि तिसऱ्या महिन्यात कार्ड शून्य होईल.

शून्य झाल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज आलेलं दिसेल. मागच्या बिलाच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं ते असतं. चिडून सोडून देऊ नका, तेही पूर्ण भरा. मग बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ऑटो-डेबिट ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ वरून ‘टोटल अमाउंट ड्यू’ वर बदला. मर्यादा वाढवायचा अर्ज दिला असेल तर मागे घ्या.

ज्यांच्याकडे मोडायला आरडी नाही अशा वाचकांनी कंपनीतल्या कामगारांच्या पतपेढीत आधी विचारावं, मग पगार जमा होतो त्या बँकेत वैयक्तिक कर्जाचं. १५ टक्क्यांनी ६८,००० घेतले तरी वर्षभराचं व्याज पावणेसहा हजारांच्या आत राहतं. कार्डावर तेवढं व्याज दोन महिन्यांत होतं.

पॉलिसी

कार्डाची मर्यादा वाढवण्यासाठी पॉलिसी घ्यावी लागते असा कुठलाही नियम नाही. ज्याच्यावर ५१ टक्क्यांचं कर्ज आहे अशा माणसाला वीस वर्षांची बचत योजना गळ्यात घालणं हे चुकीचं विकणं आहे, आणि समोरच्या संगणकावर तुमची बाकी दिसत असताना ते केलं गेलंय. मला याची चीड येते ती यासाठी की, त्या खुर्चीतल्या माणसाने एकच वाक्य सांगायला हवं होतं: आधी आरडी मोडून कार्ड भरा.

हिशेब करू. महिना ४,००० प्रमाणे १२ वर्षांत ५ लाख ७६ हजार भरायचे. विसाव्या वर्षी १२ लाख. दुप्पट झाल्यासारखं दिसतं. पण सरासरी प्रत्येक रुपया चौदा वर्षं अडकतो आणि परतावा वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास निघतो. ज्या आरडीवर तुम्हाला ६.५ मिळतात तिच्यापेक्षाही कमी. शिवाय हे १२ लाख हमीचे आहेत की ‘अपेक्षित’, हे कागदात बघा. लाभाच्या तक्त्यात हमीचा भाग आणि ४ व ८ टक्के धरून काढलेला अंदाज वेगवेगळे छापलेले असतात. तोंडी सांगताना बहुतेक वेळा ८ टक्क्यांचा रकाना वाचून दाखवतात.

विमा म्हणून बघितलं तर अशा पॉलिसीत विमा रक्कम बहुधा वर्षाच्या हप्त्याच्या दहापट, म्हणजे ४ लाख ८० हजार. तुमचा साधारण एक वर्षाचा पगार. आईवडील तुम्ही घरी दिलेल्या १५,००० वर अवलंबून असतील तर ते पुरणारं नाही. ५० लाखांचा साधा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला सात-आठ हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे या पॉलिसीचे दोन महिन्यांचे हप्ते. कर वाचतो असंही सांगितलं असेल. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत कर शून्यच आहे, वाचवायला काही नाही. आणि त्यावर कर्ज? कर्ज सरेंडर मूल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी सोडल्यास मिळणाऱ्या रकमेवर, मिळतं. पाच हप्त्यांत ते तयारच झालेलं नाही.

फ्री लूकची, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायची, मुदत ३० दिवसांची असते, ती गेली. आता दोन वाटा आहेत. आजच थांबलात तर भरलेले २०,००० गेले असं धरा. दुसरी वाट, वर्षाचे उरलेले सात हप्ते भरायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर पहिलं पॉलिसी वर्ष संपल्यावर विशेष सरेंडर मूल्य देय होतं. तेव्हा विमा कंपनीला ईमेल करून लेखी विचारा: बारा हप्ते भरून पहिल्या वर्षाअखेर पॉलिसी सोडली तर नक्की किती रुपये मिळतील? ती रक्कम २८,००० पेक्षा बरीच जास्त असेल तरच पुढचे हप्ते भरण्यात अर्थ आहे, कारण २८,००० तर तुम्ही आणखी घालणार आहात. आसपास किंवा कमी असेल तर आजच थांबा. ‘२० हजार वाया जातील’ म्हणून २८ हजार आणखी घालू नका. उत्तर आठवड्याभरात आलं नाही तरी पुढचा हप्ता देऊ नका. बँकेत जाऊन ऑटो-डेबिटचा मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करा आणि त्याची पोच घ्या.

त्याच ईमेलमध्ये तक्रारही नोंदवा. पॉलिसी कुठे, कोणत्या तारखेला, कार्डाची मर्यादा वाढवण्याच्या बोलण्यात दिली गेली, काय सांगितलं गेलं, कार्डावर किती बाकी होती, हे मुद्द्यांत लिहा. विकताना आलेले व्हॉट्सअॅप मेसेज जोडा. विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तीच तक्रार टाका. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं सांगत नाही, पण २०,००० साठी चार कागद लिहिणं नक्की परवडतं.

तोवर जुना लॅपटॉप

तुमचा जुना लॅपटॉप कामातून गेलेला नाही. आय५-८२५०यू चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग), आठ थ्रेडचा आहे आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतो. त्याला मंद करतायत ती ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क. दहा मिनिटं लागतात ती तिथे.

पहिल्या महिन्यात फक्त एसएसडी, म्हणजे न फिरणारी जलद डिस्क, टाका. अडीच इंची सॅटा, २४० किंवा २५६ जीबीची, तीन हजारांच्या आसपास. ती हार्ड डिस्कच्याच जागी बसते. हार्ड डिस्क चारेकशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घातली की सिनेमे ठेवायला होते. मदरबोर्डवर एम.२ चा (कांडीसारख्या छोट्या एसएसडीचा) खाचा असेल तर तो सॅटाचा आहे की एनव्हीएमईचा (जोडणीच्या दोन वेगळ्या पद्धती), हे मॉडेल नंबरवरून बघूनच घ्या. चुकीची कांडी बसली तरी लॅपटॉप ती ओळखत नाही. बदलण्याआधी फाइलींची प्रत काढा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. जुन्या विंडोजची नक्कल करण्यापेक्षा नवीन विंडोज टाका.

कार्ड शून्य झालं की रॅम. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’ उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर १ ऑफ २ दिसलं तर ८ जीबीची डीडीआर४ एसओडिम कांडी दुसऱ्या खाचात घाला. २४०० ची मिळाली नाही तर ३२०० ची चालते, ती कमी वेगाने धावते इतकंच. रॅमचे भाव हल्ली बरेच हलतात, दोन-तीन दुकानांत विचारून घ्या. झाकण उघडलंच आहे तर पंखा साफ करून थर्मल पेस्टही बदलून घ्या. एवढ्यावर एक्सेल आणि ब्राउझर व्यवस्थित चालेल, व्हॅलोरंट ७२०पी वर सगळ्या सेटिंग्ज खाली ठेवून खेळता येईल. जीटीए ५ चालेल, पण ओढत.

तिसऱ्या महिन्यापासून १३,००० मोकळे होतील. त्यातले ५,००० आधी टर्म विम्याचा हप्ता आणि मग आणीबाणीच्या पैशासाठी, ८,००० लॅपटॉपसाठी. अकराव्या महिन्याअखेर लॅपटॉपचे ७२,००० जमलेले असतील. दुकानदाराचा ईएमआय तेव्हा अजून एक महिना चालू असता, आणि कार्डावर ६२ हजार बाकी वेगळी. बाइक त्यानंतर.

यूट्यूबचे पैसे या हिशेबात मी शून्य धरलेत, तुम्हीही धरा. जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं लागतं. शॉर्ट्सच्या वाटेने गेलात तर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यू. चॅनल हौशीने जरूर काढा. हप्ता त्यातून सुटेल या भरवशावर कर्ज काढू नका. आणि जीटीए ६ आतापर्यंत प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस याच कन्सोलसाठी जाहीर झालाय. त्याच्यासाठी आज लॅपटॉप घेणं म्हणजे गरज माहीत नसताना खर्च करणं.

आता प्रोसेसर

गेमच्या लॅपटॉपमध्ये पैसा आधी ग्राफिक्स कार्डावर जावा, मग रॅमवर, मग प्रोसेसरवर. दुकानात हा क्रम उलटा सांगितला जातो, कारण डब्यावर ‘आय७’ मोठ्या अक्षरात असतं.

आय७-१३५५यू मध्ये १० कोअर आहेत, पण मोठे दोनच. बाकी आठ छोटे. शेवटचा ‘यू’ म्हणजे कमी विजेचा, मूळ १५ वॉटचा, पातळ आणि जास्त बॅटरी देणाऱ्या लॅपटॉपसाठी बनवलेला. ऑफिसच्या कामाला तो उत्तम आहे. गेममध्ये सगळा भार त्याच्या आतल्या आयरिस एक्सई ग्राफिक्सवर येतो, आणि त्यालाही रॅमच्या दोन कांड्या लागतात. १६ जीबीची एकच कांडी असेल तर ग्राफिक्सचा वेग ठळकपणे पडतो. व्हॅलोरंट छान चालेल, जीटीए ५ मध्यम सेटिंगवर, नवे मोठे गेम नाहीत. ७२,००० मध्ये हे घेऊ नये. याच्या शेजारी आय५-१३४२०एच ठेवा: आठ कोअर, त्यात मोठे चार, ४५ वॉट. सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर हा ‘आय५’ त्या ‘आय७’ ला गेममध्ये सहज मागे टाकतो. म्हणून आय५-आय७ च्या आधी शेवटचं अक्षर वाचा. एच किंवा एचएस गेमसाठी, यू कामासाठी.

रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा वाचायचा. पहिला ७ म्हणजे २०२३ चं मॉडेल, तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना. कोअर चारच, आतलं रेडिऑन ६१०एम ग्राफिक्स अगदी लहान, आणि रॅम बोर्डावर डकवलेली, नंतर वाढवता येत नाही. नाव ‘रायझन ५’ आणि वर्ष नवं, पण गेमच्या कामाला तुमच्या गरजेच्या खूप खाली. ७५३५एचएस मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३ प्लस, सहा कोअर, बारा थ्रेड. दुसरा लॅपटॉप बरा म्हटलं ते यासाठी. ४ असेल तर झेन ४, आणखी चांगलं. ‘रायझन एआय’ नावाच्या नव्या मालिकेला ही रीत लागू होत नाही.

दुसऱ्यातही दोन उणिवा आहेत. ८ जीबी रॅम कमी आहे, आणि आरटीएक्स २०५० ची स्वतःची मेमरी ४ जीबी. व्हॅलोरंट, जीटीए ५ ला पुरेल. आजच्या नव्या गेमला ४ जीबी अपुरी पडायला लागली आहे. ७० हजारांच्या आसपास आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती शोधा. ३०५० ही ४ आणि ६ जीबी अशा दोन्हींत येते, तेव्हा आकडा विचारूनच घ्या. सेलमध्ये ४०५० त्या भावात उतरली तर ती आधी. तोवर नव्या पिढीचं कार्ड याच पैशात येत असेल तर त्याचीही मेमरी ६ जीबीच्या खाली नको. सोबत आय५-१२४५०एच, १३४२०एच किंवा रायझन ५ ७५३५एचएस यातलं काहीही चालेल. या तिघांत तुमच्या खेळात जाणवेल असा फरक नाही.

दुकानात काय विचारायचं: ग्राफिक्स कार्डाला किती वॉट मिळतात? ३०५० लॅपटॉपनुसार ३५ ते ८० वॉटपर्यंत चालते, आणि ३५ वाली नावापुरतीच असते. विक्रेत्याला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलपुढे टीजीपी लिहिलेला असतो. रॅम ८ अधिक ८ आहे का, खाचे दोन आहेत का. एसएसडी ५१२ जीबीच असेल तर दुसरा एम.२ खाचा आहे का, कारण जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या वर जागा घेतो. पडदा १४४ हर्ट्झ असला तरी रंग ४५ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो याचं माप) असतील तर सिनेमे फिके दिसतात; स्वतः बघून ठरवा. अशा लॅपटॉपची बॅटरी साध्या कामात तीन-चार तास चालते, आणि गेम खेळताना चार्जर लावावाच लागतो, नाहीतर वेग निम्म्यावर येतो. गादीवर ठेवून खेळू नका, खालची हवा अडली की तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो.

दुकानदाराची स्वतःची ‘प्रोटेक्शन प्लॅन’ घेऊ नका. वाढीव वॉरंटी हवीच असेल तर लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्या, ती पहिल्या वर्षाच्या आत नंतरही मिळते. लॅपटॉप दुकानातच सुरू करून डब्यावरचा आणि सेटिंगमधला प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स जुळतात का बघा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. पैसे यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने द्या, आणि रोखीची सूट मागा.